‘दहा वर्षं देश लष्कराकडे द्या’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

निवडणुकीचं वारं सुटलं, की सातारा-सांगलीकडच्या गावकीच्या ग्रुपांवर एक जुना मेसेज नव्याने फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच : ‘दहा वर्षं देश लष्कराकडे द्या. सिंगापूर, कोरिया असेच पुढे गेले. पाकिस्तानात अयूबखान आला तेव्हा भाव उतरले, लोकांनी स्वागत केलं. आपल्याकडे आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या. महापुरात तुम्हाला पुढाऱ्यांनी काढलं की जवानांनी? ज्याचा व्यवहार सरळ, त्याला बंदुकीची भीती कशाला? जवानांच्याही मनात हेच आहे. पटलं तर पुढे पाठवा.’

पुढे पाठवण्याआधी एकेक मुद्दा हातात घेऊ.

‘सिंगापूर, कोरिया असेच पुढे गेले’

सिंगापूरमध्ये लष्कराचं राज्य कधीच नव्हतं. ली कुआन यू वकील होते आणि १९५९ साली निवडणूक जिंकून पंतप्रधान झाले. विरोधकांना त्यांनी सुखाने जगू दिलं नाही हे खरं, पण ते कायदा आणि कोर्टाच्या वाटेने; फौज कायम मंत्रिमंडळाच्या हुकमातच राहिली.

कोरियात मात्र १६ मे १९६१ रोजी जनरल पार्क चुंग ही यांनी सत्ता घेतली आणि कारखानदारी वाढली, हे मान्य. मेसेजवाल्याने पुढची पानं उलटलेली नाहीत, एवढंच. १९७९ साली पार्कना त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळी घातली. पुढच्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात लोक रस्त्यावर आले, तेव्हा पॅराशूट दलाच्या सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९८७ च्या जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चात ऑफिसातले टाय लावलेले नोकरदारही उतरले, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक पदरात पडली. लष्कर आलं की खाबूगिरी संपते असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं : पार्कनंतरचे दोन्ही जनरल-राष्ट्राध्यक्ष, चुन डू ह्वान आणि रो ते वू, १९९६ साली बंड आणि लाचखोरी अशा दोन्ही गुन्ह्यांत दोषी ठरले. चुन यांच्याकडून २२० अब्ज वॉनहून जास्त रक्कम वसूल करण्याचा हुकूम झाला.

आणि ३ डिसेंबर २०२४ ची रात्र तर ताजीच आहे. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष यून यांनी अचानक मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला. हुकमात काय होतं? राजकीय कामं बंद, वर्तमानपत्रं नियंत्रणाखाली, आंदोलनातल्या डॉक्टरांनी ४८ तासांत कामावर हजर व्हावं. लोक त्याच रात्री संसदेपुढे जमले, आत कर्मचाऱ्यांनी दारांना टेबलं-खुर्च्या लावून सैनिकांना अडवलं आणि हजर असलेल्या १९० खासदारांनी एकमुखाने हुकूम फेटाळला. साधारण सहा तासांत सगळं आटोपलं. लष्करी राजवटीचं सुख कोरियन माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार?

‘अयूबखान आला तेव्हा भाव उतरले, लोकांनी स्वागत केलं’

हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी मार्शल लॉ लागला. पहिल्या काही आठवड्यांत व्यापाऱ्यांनी साठवलेला माल बाहेर काढला, ठरवून दिलेल्या भावात विकला, दडवलेलं उत्पन्न जाहीर करायला रांगा लागल्या. लोक खूश होते, यात शंका नाही.

पण हुकमाने उतरलेला भाव म्हणजे गोदामातल्या जुन्या मालाचा भाव. भीतीपोटी व्यापारी आहे तो माल काढतो. गोदाम रिकामं झालं, की त्याच भावात विकण्यासाठी नवा माल भरायला तो धजत नाही. मग तुटवडा येतो, नाहीतर ज्यांची वर ओळख त्यांना परवाने मिळतात. पाकिस्तानात यातली दुसरी गोष्ट घडली. १९६८ साली तिथल्याच नियोजन मंडळाचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी जाहीर सांगितलं, की देशातल्या उद्योगांचा दोन तृतीयांश हिस्सा २२ घराण्यांच्या हातात गेला आहे. त्याच वर्षी सरकार ‘विकासाचं दशक’ साजरं करत होतं आणि बाजारात साखर महागली होती. रावळपिंडीच्या विद्यार्थ्यांपासून पेटलेलं आंदोलन पाच महिन्यांत अयूबना घेऊन गेलं. २५ मार्च १९६९ ला जाताना त्यांनी सत्ता कुणाला दिली? त्यांच्याच १९६२ च्या घटनेप्रमाणे ती सभापतींकडे जायला हवी होती. ती गेली सरसेनापती याह्याखानांकडे. आपणच लिहिलेली घटनाही पाळायची नाही, ही शिस्त!

मधल्या दहा वर्षांत काय केलं होतं, तेही पाहा. एप्रिल १९५९ मध्ये टीका करणारी वर्तमानपत्रं सरकारने ताब्यात घेतली. त्याच वर्षी आदेश काढून जुन्या राजकारण्यांना निवडणुकीतून बाद केलं. राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क कोट्यवधी लोकांकडून काढून ८०,००० प्रतिनिधींकडे दिला. १९६५ च्या जानेवारीत अयूबविरुद्ध उभ्या राहिलेल्या फातिमा जिनांचा पराभव याच ८०,००० मतदारांत झाला. एवढ्यांना सांभाळणं कुठल्याही कलेक्टरला जड नाही, हे आपल्याकडे बाजार समितीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

स्वागत तर सगळीकडेच होतं. १९९९ साली जनरल मुशर्रफ यांनी सत्ता घेतल्यावर लाहोरात पेढे वाटले गेले. २०१४ साली थायलंडच्या लष्कराने ‘आनंद परत देण्यासाठी’ फुकट गाण्याचे जलसे भरवले, फुकट केस कापून दिले. माली देशात २०२० साली लोकांनी सैनिकांना मिठ्या मारल्या. मे २०२५ मध्ये त्याच राजवटीने देशातले सगळे राजकीय पक्ष विसर्जित केले. पाकिस्तानचेच जनरल झिया उल हक यांनी जुलै १९७७ मध्ये ९० दिवसांत निवडणूक घेण्याचा शब्द दिला होता. ती झाली फेब्रुवारी १९८५ मध्ये, पक्षांना वगळून.

‘सरळ माणसाला भीती कशाला?’

भीती कशाची, हे राजवट ठरवते, तुमचा व्यवहार नाही. थायलंडमध्ये २०१४ नंतर पाच किंवा त्याहून जास्त माणसांच्या राजकीय जमावाला बंदी होती. विद्यार्थी निषेध म्हणून रस्त्यावर सँडविच खायला बसले, पोलिसांनी त्यांना उचललं. निषेधाची खूण म्हणून तीन बोटं वर करणं गुन्ह्यात जमा झालं. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतल्यावर दुसऱ्याच रात्री लोक घराघरांतून भांडी बडवू लागले; दुष्ट शक्ती पळवायची तिथली ती जुनी रीत. काही दिवसांतच दंड संहितेत नवं कलम घालून भीती पसरवणं, खोटी बातमी पसरवणं यांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. भीती कशाने पसरते, हे ठरवणार वर्दीतला माणूस.

हे फार लांबचं वाटत असेल तर शेजारच्या सोलापुरात १२ मे ते ३० जून १९३० मार्शल लॉ होता, तो आठवा. गांधी टोपी घालून रस्त्याने निघालं तरी सैनिक अडवत, टोपी काढायला लावत. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात ‘चले जाव’च्या मोर्चात ज्यांच्यावर गोळीबार झाला, ते लोक कुणाचा खिसा कापायला निघाले नव्हते.

बंदी येण्याचा क्रमही जवळपास ठरलेला असतो. आधी रेडिओ-टीव्ही केंद्र, आता त्याबरोबर इंटरनेट. मग छापण्याआधी मजकूर तपासणं. झियांच्या काळात पाकिस्तानी वर्तमानपत्रं कापलेल्या बातमीची जागा कोरी ठेवून छापत, तर पुढे कोरी जागा ठेवायलाही मनाई झाली. १९७८ साली लाहोरात पत्रकारांना फटके मारले. त्यानंतर सभा, मग पक्ष आणि शेवटी न्यायाधीश. न्यायाधीशांना काढायचीही गरज पडत नाही, नवी शपथ घ्यायला सांगतात. जानेवारी २००० मध्ये मुशर्रफ यांनी ती मागितली, तेव्हा सरन्यायाधीशांसह सर्वोच्च न्यायालयातले सहा जण शपथ न घेता घरी गेले. उरलेले कुणाच्या बाजूने निकाल देणार, हे सांगायला नको.

आपल्याकडेही जमावबंदी लागते, हे कुणी नाकारत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली १५-१५ दिवसांचे आदेश सांगली-साताऱ्यात वर्षभर निघतच असतात, आणि ते जरा जास्तच निघतात. पण त्या आदेशावर तारीख असते, अधिकाऱ्याची सही असते आणि उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठायलाही नको, कोल्हापुरात सर्किट बेंच आहे. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा केंद्राने ठरवलेला किमान दर) द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तरी तो पाळला जावा म्हणून दर हंगामात ऊस परिषद, रास्ता रोको, कारखान्यावर मोर्चा काढावाच लागतो. पाच माणसांनीही जमायचं नाही म्हटल्यावर ऊस परिषद काय चौघांत भरवणार?

‘आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या’

आणीबाणी लष्कराने आणली नव्हती, निवडून आलेल्या सरकारने आणली. त्यामुळे मेसेजच्या बाजूने हा दाखला मुळातच लागू पडत नाही. गाड्यांचं खरं धरलं, तरी १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सक्तीची बातमी सेन्सॉरमुळे छापता येत नव्हती. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्रानेच १९७६ साली मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. त्याआधी काही महिने, १९७५ च्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. आणि त्यांच्याच गावच्या मंडपात अध्यक्षा दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली.

‘महापुरात कुणी काढलं?’

सांगलीकराच्या काळजाला हात घालणारा मुद्दा हाच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. लष्कर आलं, नौदल आलं, लोकांना काढलं. त्यांचे उपकार आहेतच. पण ते आले कसे? जिल्हाधिकाऱ्यांची मागणी, राज्य सरकारची विनंती, मग तुकडी. केशरी पोशाखात बोटी चालवणारे अनेक जण तर लष्कराचे नव्हतेच. ते एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे; पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याला त्यांची बटालियन आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने उभं राहिलेलं ते दल, आणि तो कायदा संसदेने केलेला.

बोट पाण्यातून काढते. पाणी ओसरल्यावरची कामं वेगळी : पंचनामा चुकला म्हणून तलाठ्याला धरणं, यादीत नाव नाही म्हणून तहसीलवर जाणं, धरणातून विसर्ग वेळेत का केला नाही म्हणून विचारणं. त्याच दबावातून पुराची कारणं तपासायला वडनेरे समिती नेमली गेली. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला विरोध आजही चालू आहे, तोही रस्त्यावर बसूनच.

आता लष्करी राजवटीतला पूर कसा असतो ते पाहू. २ मे २००८ ला म्यानमारच्या इरावती खोऱ्यावर नर्गिस चक्रीवादळ आलं. मेलेले आणि बेपत्ता मिळून १,३०,००० च्या वर. जनरलांनी परदेशी मदत पथकांचे व्हिसा अडवले आणि आठव्या दिवशी, १० मे रोजी, देशाच्या बहुतेक भागात नव्या घटनेवर सार्वमत घेतलं. ९२ टक्क्यांवर पाठिंबा मिळाल्याचं जाहीर केलं! झर्गनार नावाचा विनोदी नट मदत वाटत होता आणि सरकार काय करत नाही ते परदेशी वार्ताहरांना सांगत होता. त्याला ५९ वर्षांची कैद ठोठावली, पुढे ती ३५ वर केली.

१९७० च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानात चक्रीवादळाने लाखो माणसं गेली, तेव्हा गादीवर याह्याखान होते. मदत रडतखडत पोहोचली. पुढच्याच महिन्यात तिथल्या मतदारांनी जवळपास सगळ्या जागा अवामी लीगला दिल्या. तो निकाल फौजेने मानला नाही, आणि वर्षभरात देश फुटला.

‘जवानांच्याही मनात हेच आहे’

अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ पासून जिथे आहे, तिथे तरी हे वाक्य जपून वापरावं. संविधानाचा अनुच्छेद ३३ आणि आर्मी अॅक्टचं कलम २१ यांमुळे सेवेतल्या जवानाला राजकीय सभेत भाग घेता येत नाही. हा मेसेज त्याने पुढे पाठवला, तर तोच अडचणीत येईल.

राज्यकारभारात शिरलेल्या फौजेचं काय होतं, हे पाकिस्तानच्याच हमूदुर रहमान आयोगाने लिहून ठेवलं आहे : मार्शल लॉच्या कामात गुंतलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा व्यावसायिक दर्जा घसरला, लोभ वाढला. १९७१ च्या पराभवावरचा हा अहवाल २००० सालापर्यंत दडवून ठेवला गेला. कारगिलनंतर आपल्याकडे जुलै १९९९ मध्येच आढावा समिती नेमली आणि तिचा अहवाल संसदेपुढे आला. तिकडे ज्या सेनापतीने, मुशर्रफ यांनी, कारगिल आखलं, तोच ऑक्टोबरात राज्यकर्ता झाला. चौकशी कोण करणार?

जवानाच्या मनात काय आहे ते कळायची सरळ वाट आहे : त्याचं मत. नमुना २ भरून तो सेवा मतदार होतो, आणि नोकरीच्या ठिकाणी सोबत राहणारी पत्नीही. मतपत्रिका ऑनलाइन येते. ती छापून, खूण करून आतल्या लिफाफ्यात घालायची, घोषणापत्रावर सही करून ते अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं आणि दोन्ही बाहेरच्या लिफाफ्यात घालून टपालात टाकायचं, तिकीट लागत नाही. बाद होण्याची नेहमीची कारणं दोन : घोषणापत्र साक्षांकित नसतं, किंवा मतपत्रिकेसोबत तेही आतल्या लिफाफ्यातच गेलेलं असतं. त्यामुळे घरी फोन आला, की तेवढं विचारून घ्या आणि पाकीट लवकर टाकायला सांगा. मोजणीच्या दिवशी सकाळी आठनंतर पोहोचलेलं पाकीट मोजणीत धरत नाहीत.