कार्ड तिच्या स्वतःच्या नावाचं काढा

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

शेजारच्या काकूंबरोबर इथे बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका बँकेत गेले होते. काकू मे महिन्यात लेकीकडे टोरँटोला निघाल्यात. एकट्या, आणि मध्ये फ्रँकफर्टला विमान बदलायचं. फॅमिली पेन्शन त्याच शाखेत जमा होते, एफडीही तिथेच. परदेशात काही अडलं-नडलं तर जवळ असावं म्हणून एक क्रेडिट कार्ड हवं, इतकंच मागणं. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "आंटी, तमारे शी जरूर? पुण्याला मुलगा आहे ना, त्याच्या कार्डावर ॲड-ऑन घ्या." आणि मग माझ्याकडे वळून लाउंज, सिनेमाची तिकिटं, पॉइंट्स सुरू. काकू गप्प बसून पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

ॲड-ऑन म्हणजे दुसऱ्याच्या कार्डाला जोडून मिळणारं कार्ड. तो शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण व्हिएन्ना.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, तिथे ह्यांना रात्री पोटात असह्य दुखायला लागलं आणि अपेंडिक्स निघालं. हॉस्पिटलनं डिपॉझिट मागितलं. इन्शुरन्सवाले म्हणाले, कागद पाठवा, मंजुरी सकाळी येईल. माझ्या पर्समध्ये ह्यांच्या कार्डावरचं ॲड-ऑन होतं, त्यावर माझं नाव ठसठशीत छापलेलं. मशीननं नाकारलं. हॉटेलनं आणि भाड्याच्या गाडीवाल्यानं अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवली होती, आणि ॲड-ऑनची मर्यादा वेगळी नसतेच, मूळ कार्डातलीच असते. मी भारतात फोन लावला. पलीकडून तीनदा एकच उत्तर, "मॅडम, मुख्य कार्डधारकाला फोन द्या." मुख्य कार्डधारक ऑपरेशन थिएटरमध्ये होता हो! हे सांगितलं तरी तेच.

पैसे कोणी भरले? आमच्याच हॉटेलात उतरलेल्या पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेनं. रात्री अडीच वाजता स्वेटरवर शाल गुंडाळून माझ्याबरोबर आल्या, कार्ड मशीनमध्ये घातलं, पिन दाबला, झालं. आमची ओळख फक्त सकाळच्या नाश्त्याची. त्यांचं ते कार्ड एफडीवर काढलेलं, अगदी साधं, ना लाउंज ना पॉइंट्स. आजही त्यांचा विषय निघाला की मला भरून येतं.

म्हणून सांगते, आपल्या आईला, सासूला, बायकोला, एकट्या आत्याला पहिलं कार्ड काढून द्यायचं तर ते तिच्या नावाचं, तिच्या खात्यावरचं काढा. उत्पन्नाचा पुरावा नाही, हे कारण चालायचं नाही. कित्येक बँका एफडीवर कार्ड देतात. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावरचं व्याज चालू राहतं, आणि मर्यादा ठेवीच्या हिशोबानं मिळते. हे त्या मुलानं सांगायचं की मी? मी विचारल्यावर म्हणाला, "हो, तसं पण होतं."

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्याही वर जातं, माहितेय मला. बिल पूर्ण भरलं की लागत नाही. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकी चलन भरून नेतो ते, खर्चाला स्वस्त पडतं, हेही मान्य. तेही जवळ ठेवा. पण त्यात भरलं तेवढंच निघतं, आणि हॉस्पिटलचा आकडा आपण घरून निघताना थोडाच ठरवतो?

बघायचं काय, तर परदेशातल्या खर्चावर बँक मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा वरचा आकार, किती लावते ते. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के असतो आणि त्या मार्कअपवर पुन्हा अठरा टक्के जीएसटी, म्हणजे लाख रुपयांमागे चार हजारांच्या वर गेले. कमी मार्कअपची कार्डं मिळतात, पण कोणी आपणहून दाखवत नाही, मागावी लागतात. वार्षिक फी नसलेलं किंवा नाममात्र असलेलं घ्या. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं घ्या. आपल्या भारतातल्या रुपे कार्डावर माझा राग नाही, पण परदेशात ते अजून सगळीकडे घेत नाहीत, आणि अडचणीच्या वेळी दुकानदाराशी वाद कोण घालणार?

आणि एक. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड फक्त भारतात चालतं. परदेशातला वापर आपण ॲपमधून किंवा बँकेला सांगून सुरू करायचा असतो. तो इथेच, निघण्याआधी करून घ्या. पिनही इथेच एकदा वापरून बघा, डी-मार्टला का होईना. तिकडे मशीन रुपये की युरो विचारतं, तेव्हा युरोच सांगायचं. रुपये म्हटलं की दर त्यांचा लागतो आणि तो महागच असतो. कार्डावर एटीएममधून रोख काढायची नाही, जीव जायची वेळ आली तरच; त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

आता काही बंधू खाली लिहितील, "आमच्याकडे पैशाचं सगळं मीच बघतो, तिला कशाला त्रास." तुम्ही प्रेमानं बघता, खात्री आहे माझी. हेही प्रेमानंच बघत होते. तुम्हीच स्ट्रेचरवर असाल तेव्हा कोण बघणार? १९०६ साली मुलींसकट सगळ्यांना सक्तीचं शिक्षण देणारं हे बडोदा, सयाजीराव महाराजांचं. काकू इथेच शिकल्या, घराचा हिशोब आयुष्यभर पै-पैसा लिहून ठेवला त्यांनी. आणि आज एक पंचविशीतला पोरगा त्यांना विचारतो, तुम्हाला काय गरज?

मी तिथेच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. आवाज चढला माझा, त्याचं काही वाटत नाही. एफडीवरच्या कार्डाचा फॉर्म मिळाला. पॅन, आधार, फोटो, बाकी सगळं त्यांच्याकडे आहेच.

घरी फॉर्म भरताना काकूंनी मोबाइल नंबराच्या रकान्यात मुलाचा नंबर लिहायला घेतला होता. मी थांबवलं. ओटीपी तिकडे पुण्याला गेला तर फ्रँकफर्टच्या विमानतळावर काय उपयोग? तुम्हीही फॉर्म भराल तेव्हा नंबर तिचाच घाला, त्याच नंबरावर रोमिंग घ्या, आणि पूर्ण बिल तिच्या खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला त्याच दिवशी लेखी द्या.