तक्रार नसतानाही फोन करा

वर्गातली शिस्त आणि पालकांशी संवाद यांवरच्या तुमच्या लेखातल्या शिक्षिका बाईंनी वर्गाचे नियम मुलांकडूनच ठरवून घेतले आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक पालकाशी बोलून घेतलं, हे वाचून बरं वाटलं. मीही दुसरीला शिकवते. ‘शिस्तीत वागा’ म्हणजे नक्की काय करायचं, हे सात वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘दुसरा बोलत असेल तर हात वर करून थांबायचं’ हे कळतं. तेही एकदा सांगून भागत नाही. रांग लावणं, दप्तर ठेवणं, पाणी प्यायला जाताना कोणती खूण करायची, हे सगळं आम्ही पहिले दहा-बारा दिवस अक्षरशः नाटकासारखं करून बघतो. मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून!

पालकांच्या बाबतीत मात्र मी उशिरा शहाणी झाले. पूर्वी तक्रार असली तरच माझा फोन जायचा, त्यामुळे समोरून पहिलं वाक्य ठरलेलं, ‘आता काय केलं त्यानं?’ एकदा एका आईला ‘आज त्यानं रडणाऱ्या मुलीला आपला रंगखडू दिला’ एवढंच सांगायला फोन केला. त्या क्षणभर गप्पच झाल्या. महिन्याभराने त्याच्या मारामारीबद्दल बोलायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच सांगितलं की घरात बाळ आल्यापासून त्याची झोप होत नाहीये.

लेखातलं, पालकांना रोज व्हॉट्सॲपवर मुलाच्या वागणुकीचे लाल-हिरवे ठिपके पाठवणं मात्र मला पटलं नाही. मूल घरी पोचायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असतो.