शिसे वितळवण्याच्या भांड्याविषयी: एका वाचक ताईंच्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मासेमारीच्या जाळ्याला वजन म्हणून लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतण्यासाठी घरच्या घरी लोखंडी भांडे कसे करावे, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. शिशाचा धूर विषारी असताना ते वितळवण्याची रीत लिहून दिल्याने गावांतला धोका वाढेल, हा पहिला. असेच भांडे बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी वापरतात, तेव्हा या लेखाचा उपयोग शिकारीला होईल, हा दुसरा. तयार गोळ्या बाजारात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, हा तिसरा. मी 'हे करू नका' एवढेच लिहायला हवे होते, असे आपण शेवटी म्हटले आहे. आपण आरोग्य उपकेंद्रात काम करता, म्हणून या आक्षेपांना पूर्ण उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो. वैनगंगेच्या काठी आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील मामा (माजी मालगुजारी) तलावांवर फेकजाळे टाकणाऱ्याला त्याच्या कडेला वजन लागते. जाळे तळाच्या खुंटांत अडकते, कड फाटते, काही गोळ्या पाण्यात जातात आणि उरलेल्या काढून, वितळवून नव्या जाळ्याला लावल्या जातात. हे काम माझ्या लेखाच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. ज्याच्या घरात जुने शिसे पडले आहे तो नव्या गोळ्यांना पैसे देणार नाही, आणि त्याला दोष देण्याचे कारणही नाही. प्रश्न तो वितळवतो की नाही हा नसून कशात, कुठे आणि किती आचेवर वितळवतो हा आहे. आज ते बहुधा जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) जुन्या गंजात, म्हणजे पातेल्यात, किंवा चेपलेल्या कढईत, आणि ज्या चुलीवर तासाभराने भात शिजणार आहे त्याच चुलीवर वितळवले जाते. 'करू नका' असे लिहिल्याने ती चूल बदलत नाही, पण वेगळे भांडे आणि वेगळी जागा मिळाली तर ती बदलू शकते, अशी माझी खात्री आहे.

भांडे लोखंडाचेच हवे, हा माझा आग्रह त्यातूनच आला आहे. जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, ६६० अंश सेल्सियसला वितळते आणि शिसे सुमारे ३२७ अंशांना, त्यामुळे वरवर पाहता पुष्कळ अंतर आहे असे वाटते. परंतु ॲल्युमिनियम वितळण्याच्या बरेच आधी मऊ पडते, आणि भात्याने फुलवलेला कोळसा १००० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. पाण्याच्या अकरा पटींहून जड असलेले शिसे त्या मऊ बुडावर भार टाकत असते. अर्धा लिटर मावणाऱ्या लहानशा भांड्यातसुद्धा पाच किलोंहून अधिक शिसे बसते, आणि बूड सुटले तर ते सगळे वितळलेल्या स्थितीत ओतणाऱ्याच्या पायांवर येते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली याहून वाईट, कारण तापलेल्या जस्ताचा धूर वेगळाच त्रास देतो. झाळलेल्या डब्याचा सांधा तर शिसे वितळण्याच्या आधीच सुटतो, कारण डाग देण्याचा धातू त्याहून कमी उष्णतेला पाघळतो. लोखंड मात्र शिशात विरघळत नाही, आणि जाड बुडामुळे उष्णता सारखी पसरते. म्हणून मी लोहाराकडून जाड पत्र्याचे, रुंद पायांच्या तिवईवर घट्ट बसणारे, दोन्ही बाजूंना लांब दांडे असलेले आणि दोन तृतीयांशांपेक्षा अधिक न भरायचे भांडे सुचवले. जुनी लोखंडी कढईही चालते, पण एकदा तिच्यात शिसे गेले की ती स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. कढईच्या काठाला आरपार भोके पाडून ठेवावीत, म्हणजे पुढे कोणी ती नकळत कालवणासाठी घेणार नाही.

आता मुख्य आक्षेप. शिसे विषारी आहे याबद्दल आपल्यात दुमत नाही, आणि त्याचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही. तथापि आपण सगळा भर धुरावर दिला आहे, तेथे मला थोडी भर घालायची आहे. शिसे नुकतेच वितळलेले, म्हणजे ३५० ते ४०० अंशांच्या आसपास असताना त्याची वाफ फारच थोडी होते. ५०० अंशांच्या पुढे ती झपाट्याने वाढू लागते. म्हणून आच मंद ठेवणे हा संरक्षणाचा पहिला भाग आहे. तापमापक नसला तरी दोन खुणा उपयोगी पडतात: सावलीत भांड्याचे बूड लालसर दिसू लागले तर मर्यादा कधीच ओलांडली आहे, आणि वर जमलेली मळी काढल्यावर चकचकीत पृष्ठभागावर लगेच पिवळी-जांभळी झाक चढू लागली तर विस्तव ओढून घ्यावा.

त्याहून मोठा धोका मात्र दिसायला निरुपद्रवी असतो. वितळलेल्या शिशावर राखाडी-पिवळी मळी जमते. ती शिशाची ऑक्साइडे असतात, मुरदाडशिंगाच्या जातीची, आणि वाळल्यावर तिची बारीक भुकटी होते. ही भुकटी बोटांना, लुगड्याच्या पदराला, अंगणातल्या मातीला लागते आणि तेथून तोंडात जाते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शरीरात शोषला जातो, तर लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे आणखी शोषले जाते, आणि आपल्या भागातील बायका-मुलांमध्ये रक्ताची कमतरता किती आहे हे मी आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. शोषलेले शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि गरोदरपणात तेथून पुन्हा रक्तात उतरते. तोंडाला बांधलेला रुमाल ही भुकटी अडवत नाही. काम घरापासून दूर, वारा पाठीशी ठेवून, मुले आणि गरोदर स्त्रिया जवळ नसताना करावे. तंबाखू-खर्रा त्या वेळी तोंडात नसावा. कपडे वेगळे धुवावेत. जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मळी घट्ट झाकणाच्या डब्यात साठवावी. ती उकिरड्यावर टाकली तर खतासोबत वावरात जाते, आणि गुरे असल्या गोष्टी चाटतात; बॅटरीचे तुकडे किंवा तशी राख चाटून गुरे दगावणे हे पशुवैद्यांना अनोळखी नाही.

बॅटरीचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो, की माझ्या लेखातला सर्वांत कडक निषेध तिच्याबद्दलच आहे. भंगारात सहज मिळणारे शिसे म्हणजे ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. तिच्या पट्ट्यांवरचा लगदा शिशाच्या क्षारांचा असतो, त्यात आम्ल भिनलेले असते, आणि पट्ट्यांच्या धातूत अँटिमनीसारखे घटक मिसळलेले असतात. सेनेगलमधील डकार शहराजवळच्या एका वस्तीत बॅटऱ्यांतले शिसे काढण्याचे काम चालत असे. तेथे २००७-०८ या काळात १८ मुले दगावली. ज्यांना गोळ्या ओतायच्याच आहेत त्यांनी जुन्या जाळ्यांचे शिसे किंवा जुन्या केबलवरचे आवरण वापरावे. बॅटरीला घरी हात लावू नये, ती विक्रेत्याला परत करावी.

पाण्याबद्दल आपण काहीच लिहिले नाही, मात्र तत्काळ इजा त्यानेच होते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. शिशाच्या पृष्ठभागावर पडलेला थेंब बहुधा चरचरून उडून जातो, परंतु ओली पळी, दमट मातीचा साचा किंवा तलावातून नुकत्याच काढलेल्या गोळ्या आत बुडाल्या की खाली अडकलेले पाणी वितळलेले शिसे वर उधळते आणि ते थेट डोळ्यांवर येते. म्हणून गोळ्या दिवसभर उन्हात वाळवून थंड भांड्यातच घालाव्यात आणि मग आच द्यावी, पळी आधी शेकून घ्यावी, चष्मा आणि बंद जोडा वापरावा, आणि पावसाळ्यात हे काम करूच नये.

राहिला शिकारीचा आक्षेप. परदेशातील नेमबाज याच प्रकारच्या भांड्यात गोळ्या ओततात, हे आपण म्हणता ते खरे आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीविना शिकार हाही गुन्हाच. रानडुकरांनी रात्रीतून धानाची बांधी किंवा हरभरा उद्ध्वस्त केल्यावर शेतकऱ्याच्या मनात काय उसळते हे मी जाणतो, तरीही त्याचा मार्ग वनविभागाकडे अर्ज, पंचनामा आणि नुकसानभरपाई हाच आहे. भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या, बंदुकीच्या गोळीचे बारीक कण मांसात विखुरतात आणि ते मांस घरची मुलेही खातात, हे वेगळेच. बंदुकीच्या गोळ्यांच्या साच्याबद्दल मला कोणी विचारले तर मी उत्तर देणार नाही. परंतु लोखंडी कढईवर बंदी घातल्याने भरमार थांबत नाही, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांनी मात्र जर्मनच्या गंजातच शिसे तापवत राहावे, हे मला मान्य नाही.

शिशाऐवजी लोखंडी कड्या किंवा भाजलेल्या मातीचे मणी लावता येतात, हे मी पुढील लेखात सविस्तर लिहिणार आहे. लोखंड शिशाहून हलके असल्याने कड्या जास्त लागतात आणि जाळे उघडण्याची ढब थोडी बदलते, पण उथळ बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, ते भागते.

ताई, आपल्याला एक विनंती. शिशाच्या विषबाधेत पोटात कळा येतात, बद्धकोष्ठता होते, रक्त कमी होते, मूल चिडचिडे होते आणि शिकण्यात मागे पडते. ही सगळी लक्षणे इतर आजारांतही दिसत असल्याने मूळ कारण सहज निसटते. उपकेंद्रात अशा तक्रारी घेऊन कोणी आले, तर घरात जाळे विणतात का, शिसे कुठे आणि कशात वितळवतात, आणि ते भांडे पुढे कशासाठी वापरतात, एवढे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर रक्तातील शिशाची तपासणी कुठे होईल, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून त्या घरापर्यंत पोहोचवावे.

आपला विश्वासू,
लेखक