बाबाजी, लाल वही आणि कलम १५

एका कृषी सेवा केंद्राच्या जीएसटी ऑडिटची मी १२ दिवस तयारी केली. १,१४० पानांवर हातानं नंबर टाकले. आणि परवा ऐन तपासणीत, बाकड्यावर खर्रा घोटत बसलेला एक म्हातारा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ए बाबू, साहेबाईले पानी आन." मी आणलं. त्याचाच जास्त राग येतो.

१२ दिवस का, तर नोटीस उशिरा सापडली. एडीटी-०१ ही नोटीस ऑडिटच्या किमान १५ कामाच्या दिवसांआधी द्यावी लागते, आणि ती दिलीही होती. पण नोंदणीतला ईमेल शेठच्या भाच्याचा, आणि भाचा चार वर्षांपासून हैदराबादला. पोर्टलवर होती, तीही 'नोटिसेस'मध्ये नाही, 'ॲडिशनल नोटिसेस'मध्ये. सरकारी नोटिशीला दोन कप्पे कशाला लागतात हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही उघडून पाहायचे, दर आठवड्याला. एवढं लक्षात ठेवा.

वर्ष २०२२-२३. आर-वन या विक्रीच्या रिटर्नमधली विक्री, थ्री-बी या कर भरायच्या रिटर्नमध्ये भरलेला कर आणि टॅलीतली वही हे तीन आकडे महिन्यागणिक शेजारी मांडायचे. फरक येतोच. बहुतेक वेळा तो कंपनीच्या क्रेडिट नोटमध्ये दडलेला असतो, कारण स्कीमचा हिशोब कंपनी मार्चनंतर देते. मग घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, टू-बीशी जुळवायचं. टू-बी म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टल बनवतं ती यादी. टू-बीत नसलेलं बिल कितीही खरं असलं, शिक्का-सहीसकट असलं, तरी १ जानेवारी २०२२ पासून त्याचं क्रेडिट नाही. पुरवठादारानं रिटर्न भरलं नाही ही त्याची चूक, भुर्दंड आपला. थर्मल कागदावरच्या पावत्या तर वर्षभरात कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स वेळेवर काढली नसेल तर पांढरा कागद फाइलला लावून नंबर टाकायचा. मी असे १४ टाकले.

मग बोर्ड. नियम १८ प्रमाणे दुकानाच्या दारावरच्या पाटीवर जीएसटी नंबर हवा, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र आत दिसेल असं लावलेलं हवं, गोदामातसुद्धा. पाटीवर नंबर होता. १५ पैकी १४ अक्षरं बरोबर होती. चौदावं अक्षर सहसा 'झेड' असतं, तिथे पेंटरनं २ काढला होता. विचारलं तर म्हणे, समोर आकडा हाय तं मधात झेड कायले? प्रमाणपत्र गल्ल्यात, पावडरच्या डब्याखाली. ते काढून लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलं, त्यासाठी फोटो थोडा सरकवला. फोटोमागे काही होतं का, ते मला दिसलं नाही असं माझं म्हणणं आहे.

खताच्या साठ्याचे आकडे तीन असतात: टॅलीतला, खत देताना शेतकऱ्याचा अंगठा घेणाऱ्या पॉस मशीनमधला आणि गोदामातला. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. जूनमध्ये पाऊस पडला की सगळं गाव एकाच दिवशी दुकानात येतं, मशीनला नेटवर्क नसतं, आणि नेटवर्क आलं तर निंदण-वखरणानं घासलेले अंगठे मशीनला पटत नाहीत. मग थैल्या आज जातात, अंगठा परवा लागतो. बिल एका तारखेचं, पॉस दुसऱ्या तारखेचं. हे समजावून सांगायला एक पानाचं टिपण आधीच तयार ठेवावं, तोंडी सांगायला गेलं की बनवाबनवी वाटते.

त्यात लिंकिंग. युरिया हवा तर सोबत हेही उचला, म्हणून नको तो माल गळ्यात मारतात. तो खपत नाही, मुदत संपते. कंपनीनं परत घेतला तर ठीक. फेकला किंवा वहीतून कमी केला की कलम १७(५) प्रमाणे त्यावर घेतलेलं क्रेडिट परत करा. म्हणजे नको असताना घेतला, पैसे भरले, फेकला, वर कर. बियाण्याला मात्र कर नाही, त्यामुळे उंदरांनी बियाणं खाल्लं तर सरकारचं काही जात नाही. पण करमाफ बियाणं विकता म्हणून फोनच्या बिलाच्या आणि आमच्या फीच्या क्रेडिटमधला थोडा वाटा नियम ४२ नं कापायचाच. फी अजून मिळालेली नाही, हा भाग वेगळा.

सगळ्यात जास्त रक्त नियम ३७ नं आटवलं. पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे द्या, नाही तर क्रेडिट व्याजासह परत. पैसे दिले की क्रेडिट पुन्हा घेता येतं, व्याज गेलं ते गेलं. शेठनं १० जूनला तणनाशक उधारीत उचललं. १८० दिवस मोजा, ७ डिसेंबर येतो. ७ डिसेंबरला इकडच्या घरात काय असतं? कापूस. ओसरीत, खाटेखाली, भाव वाढेल म्हणून दाबून ठेवलेला. शेतकऱ्याचा कापूस विकेल तेव्हा शेठला पैसे, शेठला मिळतील तेव्हा वितरकाला. १८० चा आकडा ज्यानं काढला त्याच्या अंगणात पऱ्हाटी नसावी.

तर एवढं सगळं बांधून आम्ही तयार. मॅडम आल्या, सोबत एक इन्स्पेक्टर. दोन तास बरे गेले. १८० दिवसांचा तक्ता मी स्वतःहून पुढे केला, रक्कम डीआरसी-०३ या आपणहून कर भरायच्या फॉर्मनं आधीच भरली होती. मॅडम म्हणाल्या, "तयारी चांगली आहे." तेवढ्यात बाकड्यावरचा तो म्हातारा, बाबाजी.

"काय पाह्यता मॅडम इतकं?"

"हिशोब तपासतोय, काका."

"मंग बराबर हाय. शेठचा हिशोब पक्का. माह्यावाला पैसा न् पैसा लिवून ठेवते. म्या जूनात नेलं तं पौषात देतो. दोन रुपये शेकडा लावते. कमी नाई का जास्त नाई. देवमानूस!"

मॅडमनी पेन उचललं. शेठला एकाएकी गोदामात काम निघालं.

"दोन रुपये कशावर, काका?"

"उधारीवर. खतावर लावते, औषधावर लावते, बियान्यावर बी लावते. भेदभाव नाई." पन्नीतला खर्रा त्यानं तळहातावर ओतला, चिमूट गालात सारली. मला वाटलं आता तोंड बंद होईल. खर्रा तोंडात असताना माणूस जास्त बोलतो.

"पावती देतात?"

"पावती कायले? वहीत लिवते ना. थे लाल वही. थ्या लक्ष्मीच्या मांगं हाय पाहा."

कलम १५(२)(घ): पैसे उशिरा दिल्याबद्दल घेतलेलं व्याज मालाच्या किमतीतच धरायचं. ज्या मालाचं व्याज, त्याच मालाचा दर. कीटकनाशकाचं असेल तर १८ टक्के, खताचं असेल तर ५, बियाण्याचं असेल तर काही नाही. आणि कर लागतो व्याज हातात पडलं त्या दिवशी. हे मी शेठला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "व्याज म्हंजे काय माल हाय का?"

इन्स्पेक्टरनं फोटो सरकवला.

"मंग थ्या व्याजावर टॅक्स कोनं भरावं?" बाबाजीनं विचारलं. "म्या भरू का?"

"नाही काका, दुकानदार भरतील."

"मंग थो माह्यापासूनच घेईन."

यावर कुणीच बोललं नाही. मॅडम वही चाळत राहिल्या. शेठ गोदामातून आला, चेहऱ्याचा रंग उडालेला. तेव्हा बाबाजी ते वाक्य बोलला: "ए बाबू, साहेबाईले पानी आन. शेठले बी दे, त्याचं तोंड सुकलं."

ऑडिट सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत संपवायचं असतं, मग एडीटी-०२ मध्ये अहवाल येतो. तोवर मला लाल वहीतून व्याज वेगळं काढून मालानुसार फोडायचं आहे. आज बाबाजीचं पान काढलं. शेठनं खत, औषध, बियाणं सगळं एका रकमेत बांधलंय. खाली व्याज १,८००, पुढे लिहिलंय: 'कापूस इकला, देल्ले.' तारीख नाही.