नवा कॅमेरा येतोय, तोवर लग्न पुढे ढकला

कॅमेरा घ्यायचा विचार आहे? मुळीच घेऊ नका. नवा येतोय. कुठला ते विचारू नका. तुम्ही जो घ्यायला निघालात त्याचाच पुढचा येतोय, आणि तो नेमका तुमचे पैसे जमले त्याच आठवड्यात येत असतो. बातमी पक्की आहे. जपानमधल्या कुणीतरी कुणाला तरी सांगितलंय, आणि ते लाल बाण काढलेल्या यूट्यूब थंबनेलसकट नाशिकच्या कॉलेज रोडच्या टपऱ्यांवर पोचलंय. "दादा, थांबू का?" हे या लगीनसराईत इतक्यांदा ऐकलंय की उत्तर एकदाच लिहून टाकतो. थांबा. फक्त नीट, पद्धतशीर थांबा.

आधी आपली परंपरा केवढी थोर आहे ते समजून घ्या. निकॉनचा डी-३००एस २००९ मध्ये आला. पक्ष्यांमागे फिरणारी मंडळी तेव्हापासून डी-४०० ची वाट बघत बसली. डी-४०० आलाच नाही. जानेवारी २०१६ मध्ये आला तो डी-५००. मधल्या काळात नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी दर हिवाळ्यात आले आणि गेले. ऑटोफोकस सुधारणार आहे हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. सोनीचा ए७एस-२ हा २०१५ चा, ए७एस-३ जुलै २०२० चा. पाच वर्षं मेगापिक्सेल वाढणार, वाढणार. १२ होते, १२च राहिले. (कॅमेरा उत्तमच निघाला. व्हिडिओवाल्यांना १२च पुरत होते, ओरडत होते दुसरेच.) आणि सिग्मा! फुल-फ्रेम फोव्हिऑन (रंगांचे तीन थर असलेल्या) सेन्सरचा कॅमेरा त्यांनी २०१८ मध्ये स्वतः जाहीर केला आणि २०२० मध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतोय म्हणून सांगितलं. इथे तर अफवाही नव्हती, खुद्द कंपनीचा शब्द होता. त्याच्या भरवशावर जे थांबले त्यांना साष्टांग नमस्कार.

अफवा वाचायची कशी, तेही शिकून घ्या. वायफाय-ब्लूटूथ असलेल्या कुठल्याही यंत्राची विक्रीआधी सरकारदरबारी नोंदणी होते. तिथे एक सांकेतिक क्रमांक आणि रेडिओची माहिती दिसते, बाकी काही नाही. तेवढ्यावरून आठ-के व्हिडिओ, ग्लोबल शटर (अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपणारं) आणि "किंमत जुनीच राहणार" इतकं सगळं काढता आलं पाहिजे. कॅनन आर-६ मार्क-२ नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, मार्क-३ नोव्हेंबर २०२५ मध्ये. सोनी ए७-३ फेब्रुवारी २०१८, ए७-४ ऑक्टोबर २०२१, ए७-५ डिसेंबर २०२५. तीन-चार वर्षांनी नवा येतोच, हे सांगायला जपानमध्ये ओळख कशाला हवी, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पण कॅलेंडरला लाइक मिळत नाहीत. आणि एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोला भूकंप होऊन सोनीचा सेन्सरचा कारखानाच बंद पडला होता, तो कुठल्या सूत्राने आधी सांगितला होता?

आहे त्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडू नका. सवय लागते.

मेगापिक्सेलसाठी तर थांबायलाच हवं. बारा बाय छत्तीस इंचांचा अल्बम घ्या. त्याचं एक पान बारा बाय अठराचं. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला ३६०० बाय ५४०० म्हणजे १ कोटी ९४ लाख पिक्सेल लागतात. साध्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) ६००० बाय ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख असतात. एका फोटोने पान भरूनही उरतात, आणि त्या पानावर तुम्ही एक फोटो कुठे लावता, नऊ लावता, वर गुलाबाच्या पाकळ्या. तेव्हा ६० चा येईपर्यंत थांबा. पाहुण्यांना फोटो व्हॉट्सॲपवरच जायचाय.

सिंहस्थ कुंभमेळ्याचं काय म्हणता? ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला. अमृतस्नानं २०२७ मध्ये: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला, त्र्यंबकेश्वरला १२ ला. गुरू सिंह राशीत जाताना कॅननला विचारून जात नाही, पण तुम्ही घाबरू नका. चुकलं तर पुढचं बारा वर्षांनी आहेच. तोवर मार्क-६ येईल. ऑगस्टमध्ये रामकुंडावर पाऊस असणार म्हणून "वेदर सीलिंग सुधारलेली" बॉडी हवी असेल तर बॉडीच बघा, लेन्सच्या माउंटभोवती रबराची रिंग आहे का ते बघू नका. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या किट लेन्सला ती सहसा नसते आणि पाणी तिथूनच आत जातं.

घाई करणाऱ्यांचं काय होतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. वीसेक वर्षं थांबले असते तर आवाजाची सोय झाली असती. पण नाही ऐकलं, आणि आता पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे.

नवा खरंच आला, तर मात्र पहिल्या दिवशी पहिल्या लॉटमधला घ्या. निकॉन डी-६०० च्या सेन्सरवर तेलाचे ठिपके पडायचे, वर्षभराने डी-६१० काढावा लागला. कॅनन आर-५ सुरुवातीला आठ-के मध्ये वीसेक मिनिटांत तापून थांबायचा. जुनी एसडी कार्डं असतील तर नव्या बॉडीत एक स्लॉट सीएफएक्सप्रेसचा निघण्याची बरीच शक्यता, म्हणजे कार्ड वेगळं, रीडर वेगळा. फोटो-एडिटिंगच्या लाइटरूमचं अपडेट आलं नसेल तर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल उघडतच नाही. नवरीला सांगा, पुढच्या महिन्यात उघडेल.

आता थांबण्याच्या काळात काम कसं चालवायचं? सोपं आहे. ज्या मूर्खाने न थांबता कॅमेरा घेतला, त्याचा मागून न्यायचा. "दादा, दोन तासांचं काम आहे, संध्याकाळी आणून देतो." कुठल्या दिवशीच्या संध्याकाळी ते सांगायचं नाही. बॉडीबरोबर २४-७० ची झूम लेन्स सुद्धा मागा आणि थेट हळदीला जा. झूम करताना ही लेन्स पुढे लांबते, आतली पोकळी वाढते, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर हळद. रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीच्या (रंगाच्या पाण्याच्या हौदाच्या) अगदी काठावर उभे राहा. रंगाचं पाणी झूम रिंगच्या फटीत वाळलं की रिंग कचकचते. ती कचकच फक्त मालकाला ऐकू येते. लेन्स मांडवातच बदला, बॉडीचं तोंड वर करून. आत काही पडलंसं वाटलं तर फुंकर मारा. थुंकी वाळली की ब्लोअरने निघत नाही, मग रुमाल घालून घासा; स्टॅबिलायझेशनवाल्या (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या) बॉडीत सेन्सर तरंगता असतो, त्याला तर रुमालाचा दाब फारच मानवतो. परत देताना तपासायची गरज नाही. एफ-२.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, डाग दिसत नाहीत, ते छिद्र लहान केल्यावर, एफ-१६ ला, मोकळ्या आकाशावर दिसतात, आणि एफ-१६ ला फोटो काढायची वेळ मालकावर येते.

मग रात्री डीजेपुढे न्या. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो, चालू असताना तो सगळा वेळ उघडाच. लेझरचा किरण सरळ लेन्समध्ये आला की सेन्सरवर जळका ठिपका, नाहीतर आडवी-उभी रेघ. सफाईने जात नाही, फर्मवेअरने जात नाही, सेन्सर बदलावा लागतो आणि त्या खर्चात वापरलेली अख्खी बॉडी येते. एवढं करून वर म्हणायचं, "आधीपासूनच असेल, दादा." आधीपासून! डायऑप्टर (व्ह्यूफाइंडरचा नंबर जुळवणारी चकती) फिरवलेला, म्हणून मालक दोन दिवस लेन्सचा फोकस गेला समजून हवालदिल. एक्स्पोजर उणे एकवर. रॉ बंद, छोटी जेपीईजी चालू. बॅटरी रिकामी, लेन्सची पुढची टोपी गायब, कार्ड तुमच्याच खिशात. आणि कॅमेरा टेबलावर ठेवता ठेवता वर सल्ला: "तुम्ही जरा घाई केलीत. नवा येतोय."

अरे, लाज नाही वाटत? ऑर्डर तू घेतोस, ॲडव्हान्स तू घेतोस, व्हिजिटिंग कार्डावर नाव तुझं छापतोस, आणि अवजार दुसऱ्याचं? तू थांबलेला नाहीस. तुला पैसे खर्चायचे नाहीत, एवढंच आहे, आणि अफवेची तुला सोय झाली आहे.

येत्या तीन महिन्यांत काम असेल तर आज दुकानात जो आहे तो घे, पक्क्या बिलाने. काम नसेल तर काहीच घेऊ नकोस आणि ते व्हिडिओही बघू नकोस. नवा जाहीर झाला की जुन्याची किंमत उतरते, तेव्हा जुना घ्यायचा. थांबण्यात शहाणपण असलंच तर तेवढंच. बजेट कमी असेल तर सेकंड हँड बघ: बिलावरचा सिरियल नंबर बॉडीशी ताडून घे, शटर काउंट (शटर किती वेळा उडालंय तो आकडा) बघ, एफ-१६ ला आकाशाचा फोटो काढ आणि तो शंभर टक्के मोठा करून बघ. तेही नको असेल तर भाड्याने घे. डिपॉझिट भरलेला माणूस हळदीत लेन्स बदलत नाही.

आणि रविवारी मुहूर्त आहे म्हणून शनिवारी रात्री दहाला मला फोन करायचा नाही. देणार नाही. टोपी आणून दे आधी.