नियम न लिहिता माणूस बाहेर कसा ठेवावा

एखाद्याला खेळू द्यायचं नसेल, तर तसा नियम चुकूनही लिहू नका. लिहिलेला कागद उद्या कुणीतरी तोंडावर फेकतो. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांचा कित्ता गिरवा. १९४२ साली त्यांचे आयुक्त लँडिस यांनी जाहीरच केलं, की काळ्या खेळाडूंना मज्जाव करणारा लेखी-तोंडी कुठलाच नियम नाही. खरंच नव्हता. फक्त त्यांना घेत कुणी नव्हतं, इतकंच.

माणूस बाहेर ठेवा, त्याच्या नावावर येणारा पैसा मात्र आत घ्या. जॉश गिब्सन हा होमस्टेड ग्रेज या काळ्या खेळाडूंच्या संघाचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. त्याचे उत्तुंग फटके बघायला लोक वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर तिकीट काढून येत. मैदान गोऱ्यांच्या सेनेटर्स संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांचं. सेनेटर्स बाहेरगावी गेले, की ते ग्रेजना भाड्यानं मिळे. गिब्सनचा सहकारी बक लेनर्ड सांगायचा, की ग्रिफिथसाहेबांनी दोघांना एकदा ऑफिसात बोलावून गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये खेळण्याबद्दल विचारलंही होतं. पुढे काही झालं नाही. तुम्हीही विचारत जा. विचारायला काय जातं? भाडं तर चालूच असतं.

हिशेबात ढिलाई हवी. ग्रेजसारख्या संघांचे काळ्यांच्या लीगमधले सामने मोजके. बाकी हंगामभर पोटासाठी गावोगाव खेळायचं, आणि हॉटेलात खोली मिळाली नाही तर बसमध्येच झोपायचं. ते सामने धरू नका. म्हणजे हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या मानाच्या दालनातल्या पाटीवर गिब्सनचे ‘जवळपास ८००’ होमरन (बेसबॉलचे षटकार), आणि अधिकृत खात्यात दोनशेसुद्धा नाहीत, अशी छान सोय होते. शंका घ्यायला जागा राहते.

दार उघडण्याचा मुहूर्त तेवढा नीट काढा. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला वारला, वय ३५. १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये उतरला. तीन महिनेसुद्धा नाहीत! पुढचं सगळं सावकाश होऊ द्या. १९७२ मध्ये गिब्सन हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेव्हा पिट्सबर्गला त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो १९७५ मध्ये बसला.

आणि २०२४ मध्ये, औदार्याची अगदीच उबळ आली तर, त्याचे आकडे मोठ्या लीगच्या खात्यात जमा करा. कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी ०.३७२, आजवरची सर्वोत्तम. गोऱ्यांचा टाय कॉब दुसरा. कॉब १९६१ मध्येच गेला, त्यामुळे तक्रार करायलाही कुणी नाही.