एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर (रॉकिंग सेल, म्हणजे पाणी आणि गॅस प्रेशरखाली थंड करून डुलवत ठेवणारं टेस्टिंग मशीन, रबाळे एमआयडीसी)

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं, सेम पाणी सेम मिथेन, तरी हायड्रेट (पाणी आणि गॅस मिळून होणारा बर्फासारखा घट्ट पदार्थ) एकदा रात्र उलटल्यावर बनतं आणि दुसऱ्यांदा दोन तासात, वर प्रेशर उतरतं म्हणजे लीक आहे, आणि आमचा माणूस येऊन काही न करता व्हिजिट चार्ज घेऊन गेला. म्हणून मशीन बोगस.

सर, हायड्रेटचा पहिला कण कधी धरेल याची वेळ कुठल्याच मशीनवर फिक्स येत नाही, भारीतल्या इम्पोर्टेड सेलवर पण नाही. त्यात तुमचीच डेटा फाईल बघा, पहिला रन संपल्यावर 15 डिग्रीला वितळवलं आणि लगेच परत थंड करायला लावलं, अशा पाण्यात हायड्रेट दुसऱ्यांदा पटकन बनतं, मेमरी इफेक्ट म्हणतात त्याला, तो घालवायचा तर चांगलं गरम करून बराच वेळ ठेवायला लागतं नाहीतर सरळ ताजं पाणी भरा. मशीनच तपासायचंय ना, मग हळूहळू तापवत हायड्रेट पूर्ण कधी वितळतं ते बघा, साधं पाणी आणि शुद्ध मिथेन असेल तर 100 बारला साधारण 13 डिग्री आणि 40 बारला 4 च्या आसपास यायला पाहिजे, ते दर वेळी तेच येतं आणि तुमच्या सेलवर आलंय पण.

प्रेशरचं म्हणाल तर 100 बारचा मिथेन 30 डिग्रीवरून 2 वर आणला की हायड्रेट नसलं तरी दहा टक्क्यांहून जास्त उतरतो, त्यावर हायड्रेट गॅस खातं ते वेगळं. लीक असेल तर टेम्परेचर न हलवता नायट्रोजन भरून रात्रभर ठेवलं तरी उतरेल, आमच्या माणसाने तेच केलं, काटा जागचा हलला नाही, फिटिंगला साबणाचं पाणी लावलं तर एक बुडबुडा नाही. आतला स्टीलचा बॉल पण नीट इकडून तिकडे घरंगळत होता, तो अडकला की प्लग, म्हणजे हायड्रेटचा गच्च बूच, झाला समजायचा, एवढं साधं आहे ते.

खरी काळजी वेगळीच वाटली. तुम्ही लिहिलंय की प्लग निघेना, गेज झिरो दाखवत होता म्हणून लॅबमधल्या मुलाने इनलेटचं (गॅस आत येतो तिथलं) नट सैल केलं. अहो असं कृपया करू नका!! गॅसच्या ट्यूबमध्येच हायड्रेट अडकलं तर बाहेरचा गेज झिरो दाखवतो आणि आत सेल भरलेलाच असतो. मोठ्या पाइपलाइनमध्ये एकाच बाजूने प्रेशर सोडल्यावर प्लग गोळीसारखा सुटून माणसं मेलीत. हीटगन पण मारायची नाही, एक लिटर हायड्रेटमध्ये 160 लिटरच्या वर गॅस असतो, कोंडलेल्या जागेत तो सुटला तर काय होईल तुम्हीच बघा. बाथचं (सेल ज्यात बुडवून थंड करतो त्याचं) टेम्परेचर हळूहळू वाढवा, ट्यूब पण रूम टेम्परेचरला येऊ द्या आणि सेलचा स्वतःचा प्रेशर सेन्सर बघूनच व्हेंट करा, म्हणजे गॅस बाहेर सोडा.

मुलांना ट्रेनिंग द्यायचं असेल तर पाठवा, त्याचे पैसे घेणार नाही. व्हिजिट चार्ज मात्र परत होणार नाही, मशीन ओके असल्याच्या रिपोर्टवर तुमच्याच लॅबची सही आहे.